कोयनेचा भूकंप: धरणानं आणला की डोंगराच्या पोटातच होता?

मोरणाकाठ | रविवार, सकाळी १०:४०

मंडळी, एका घरगुती भांडणाचा निकाल लावून हवा आहे.

दिवाळीला पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. घराच्या मागच्या भिंतीने पोट काढलंय, ती उतरवून नवी बांधायचं ठरलं. गवंडी बघायला आला, भिंतीवर थाप मारली आणि सहज बोलून गेला, "ही भूकंपाच्या आदली दिसतीया." झालं. आजी आणि काका यांची जुंपली.

आजी पंच्याऐंशीची आहे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचार-साडेचारला ती जात्यावर बसली होती. मार्गशीर्षातली थंडी. तिला आधी वाटलं, जात्याचाच आवाज वाढलाय, म्हणून तिने हात थांबवला. जातं थांबलं, पण घरघर थांबेना. मग गोठ्यात म्हशीने दावं तोडलं, उतरंड खाली आली, चिमणी विझली. तुळईला टांगलेला पाळणा कुणी झोका न देता हलत होता. त्यात सहा महिन्यांचे आमचे काका. आजोबांनी पाळण्याची दोरी कशी सोडली हे त्यांना स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. पुढची भिंत अख्खी अंगणात पडली, मागची राहिली. तीच ही.

गंमत म्हणजे हेच काका पुढे धरणाच्या प्रकल्पावर नोकरीला लागले आणि यंदा निवृत्त झाले. आजी म्हणते, "पानी साठवलं आन् धरणी हलली. त्याच्या आदी कवा हलली व्हती?" काका म्हणतात, "आये, भूकंप लई खालनं येतो. तुझं पानी वरच्या वर. डोंगर हाय तिथं भूकंप व्हणारच. हिमालयात न्हाय का व्हत?"

शाळेत मला दोन्ही उत्तरं शिकवली होती, दोन वेगळ्या मास्तरांनी. तर खरं काय? आणि दुसरा प्रश्न जास्त निकडीचा: नवी भिंत कशी बांधू? दगड जुनाच वापरायचा आहे, भरपूर पडलाय.

चहाबिस्किट | रविवार, सकाळी १०:५२

जागा धरून बसतो. आजींना नमस्कार. जात्याचं वाचून अंगावर काटा आला.

काळा_दगड | रविवार, दुपारी १२:१५

काकांचं एक वाक्य आधी खोडतो. सह्याद्रीतला भूकंप आणि हिमालयातला भूकंप हे एका माळेचे मणी नाहीत.

हिमालय अजून घडतोय. भारताचं भूखंड उत्तरेला सरकत आशियाखाली घुसतंय आणि त्यातलं वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर हिमालयाच्या पट्ट्यातच आवळलं जातं. कधीतरी ते एका दमात सुटतं. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात गोरखाजवळ सुटलं ते ७.८ चं होतं, माणसं गेली नऊ हजारांच्या आसपास. लांगटांगच्या खोऱ्यात अख्खं गाव बर्फ-दगडांखाली गाडलं गेलं. तिथे डोंगर आणि भूकंप यांचं कारण एकच.

सह्याद्रीत तसं रेटारेटीचं काही चाललेलं नाही. हा मुळात घड्या पडून उचलला गेलेला डोंगरच नव्हे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर बसून पठार झालं. पश्चिमेचा तुकडा तुटून समुद्राकडे खचला, आणि उरलेल्या पठाराची जी कड दिसते तिला आपण सह्याद्री म्हणतो. कोकणातून बघितलं तर डोंगर, देशावरून बघितलं तर जेमतेम चढ. कुंभार्ली घाट उतरताना हे डोळ्यांनी दिसतं.

म्हणून तर १९६७ च्या आधी हा सगळा भाग भक्कम समजत. त्या काळच्या भूकंप-नकाशात कोयना जवळजवळ निर्धोक रंगात होती. पुढे ती चौथ्या झोनमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात गेली.

मग १९६७ चा ६.३ चा धक्का आला कुठून? वरचा बेसाल्ट, म्हणजे तो थिजलेला लाव्हा, हा नुसता कोट आहे. त्याच्याखाली ग्रॅनाइट-नाइस हा कितीतरी जुना, कठीण खडक आहे आणि त्यात जुन्या, जवळजवळ उभ्या भेगा आहेत. नकाशा उघडा आणि कोयना नदी बघा. महाबळेश्वरला उगम पावते आणि दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटर जवळजवळ सरळ रेषेत जाते. हेळवाकला एकदम काटकोनात वळून कराडकडे निघते. नद्या इतक्या सरळ उगाच वाहत नाहीत. खालची कमकुवत रेघ पकडून वाहतात.

शंकासुर | रविवार, दुपारी १:०५

म्हणजे काका अर्धे बरोबर. भेग आधीची, ताण आधीचा. मग धरणाचं नाव कशाला? मागोमाग घडलं म्हणून त्याच्यामुळे घडलं, हा कावळा बसायला आणि फांदी तुटायला असला प्रकार झाला.

आणि उजनी घ्या. कोयनेपेक्षा जास्त पाणी मावतं त्यात. जायकवाडी घ्या. तिथल्या आज्या जात्यावर निवांत दळत होत्या ना? महाराष्ट्रात देशातली सगळ्यात जास्त मोठी धरणं. मग फक्त कोयनाच का हलते?

काळा_दगड | रविवार, दुपारी २:३०

प्रश्न रास्त आहे. मीही कॉलेजात हाच विचारला होता.

आधी तारखा बघू. कोयनेत पाणी अडवायला १९६१-६२ मध्ये सुरुवात झाली. लगेच बारीक धक्के जाणवायला लागले. लोकांनी तक्रारी केल्या म्हणून भूकंपमापक बसवले गेले. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचाच्या वरचा एक धक्का बसला आणि तीन महिन्यांनी मोठा. इथवर शंकासुर म्हणतात तसं कावळा-फांदी म्हणता येईल.

पण पुढे ऐका. कोयनेच्या दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर वारणेचं धरण झालं, चांदोलीचं. १९८५ पासून ते भरू लागलं. त्यानंतर भूकंपांचा अड्डा हळूहळू दक्षिणेला वारणेकडे पसरला, आणि १९९३-९४ च्या हिवाळ्यात तिथे पाचाच्या वरचे दोन धक्के बसले. आता दोन कावळे आणि दोन फांद्या झाल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे ऋतू. पावसाळ्यात धरण भरतं, आणि धक्क्यांचं प्रमाण सप्टेंबरच्या सुमाराला वाढतं, पुन्हा डिसेंबर-जानेवारीच्या आसपास वाढतं. नेम असा नाही. मार्च २००५ मध्येही पाचाचा बसलाय. पण पन्नासेक वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या की चढउतार दिसतो. पाणी किती झपाट्याने चढतं, आधीच्या सर्वात वरच्या पातळीच्या पुढे जातं का, किती दिवस वर राहतं, या तिन्हींचा संबंध हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेतून वर्षानुवर्षं तपासला. आठवड्याला बारा मीटरच्या वेगाने पाणी चढलं तर मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते, असं त्यांनी मांडलं होतं.

आणि हे सगळे धक्के साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यातच बसतात. बाहेर शांतता.

शंकासुर | रविवार, दुपारी २:५८

वजनाचं गणित तरीही बसत नाही. तळाशी शंभर मीटर पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो. पाच किलोमीटर खाली खडकाचाच दाब तेराशे किलोच्या वर असतो. हत्तीच्या पाठीवर माशी बसली.

काळा_दगड | रविवार, दुपारी ३:४०

गणित बरोबर आहे. म्हणूनच नुसत्या वजनाने उत्तर सुटत नाही. तलावातलं पाणी तेव्हा २८० कोटी टन होतं हे ऐकायला भारी वाटतं, पण खालच्या खडकाला त्याचं फारसं काही नाही. खरी करामत पाण्याच्या दाबाची आहे.

घरात करून बघा. स्टीलचा ग्लास कढत पाण्याने विसळा आणि ओल्या, गुळगुळीत ओट्यावर उलटा ठेवा. थोडा वेळ नुसता बसेल. मग कुणी हात न लावता सर्रकन सरकेल. भूत नाही. आत अडकलेली हवा तापून फुगते आणि ग्लासाला किंचित उचलून धरते. ग्लासाचं वजन तेवढंच, पण ओट्यावर टेकणारा भार कमी होतो आणि ओट्याच्या नकळत उतारावर ग्लास निघतो.

भेगेचं तेच. दोन्ही बाजूंचे खडक प्रचंड दाबाने एकमेकांना घट्ट धरून उभे असतात. सरकायचं तर असतं, घर्षण सरकू देत नाही. तलाव भरला की भेगांतल्या पाण्याचा दाब वाढतो. हा दाब खाली पोचायला वेळ लागतो, आठवडे, महिने. म्हणून धरण ऑगस्टमध्ये भरतं आणि धक्का डिसेंबरमध्ये. पोचला की तो दोन खडकांना आतून किंचित फाकवतो. भेग आधीच सुटायच्या बेतात असेल तर माशीसुद्धा पुरते.

उजनीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. उजनीत कढत पाणी आहे, पण ओट्याला उतार नाही. म्हणजे ताणलेली, हलायला टेकलेली भेग खाली नसेल तर कितीही पाणी साठवा. कोयना ही एकटी नाही. चीनमध्ये शिनफेंगजियांग १९६२, आफ्रिकेत करीबा १९६३, ग्रीसमध्ये क्रेमास्ता १९६६, सगळीकडे धरण भरल्यावर सहाच्या आसपासचे धक्के बसले. पण सहा दशकं न थांबता हलत राहिलेलं ठिकाण म्हणजे आपलं कोयनाच.

चहाबिस्किट | रविवार, दुपारी ४:१०

आत्ता केलं. तिसऱ्या ग्लासाला सरकला! बायको म्हणाली, आता हे सगळे ग्लास पुसून ठेव.

कुंभार्ली_घाट | रविवार, संध्याकाळी ६:२०

माझं बालपण अलोऱ्याच्या वसाहतीत गेलं, घाटाच्या खालच्या अंगाला. वडील पोफळीच्या वीजगृहात. आमच्याकडे भूकंप हा पाहुणा नव्हता, घरचाच होता.

बाहेरच्यांना एक सांगतो. आधी आवाज येतो. लांबून भरलेला ट्रक घाट चढतोय तसा, पण जमिनीखालून. मग एक ठोका. पत्रा वाजतो, कपाटातल्या बश्या किणकिणतात, संपलं. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता बाई थांबायच्या, आम्ही सगळे छताकडे बघायचो, बाई पुन्हा लिहायला लागायच्या. संध्याकाळी पैज लागायची: "तीन असंल." "हॅट, अडीच." दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरलेलं वाक्य: केंद्रबिंदू कोयनानगरपासून अमुक किलोमीटरवर, हेळवाक गावाच्या नैऋत्येला. हेळवाक हे गाव पृथ्वीच्या मध्यभागी आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

पण माझी आई रोज रात्री दाराची कडी न लावता नुसती आडण घालायची. कडी अडकली तर दार उघडत नाही, हे तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. उशाला भिंत नाही, कपाट नाही. आजही मी पुण्यात फ्लॅटमध्ये पलंग भिंतीपासून हातभर लांब ठेवतो. बायको विचारते, मी विषय बदलतो.

सुमनताई | रविवार, रात्री ८:०५

मी तेव्हा पुण्यात होते, वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. वय चौदा. मांडणीवरचे पितळी डबे वाजले आणि सगळा वाडा चौकात. धक्क्यापेक्षा भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. पानशेत फुटून सहाच वर्षं झाली होती. १२ जुलै १९६१, आम्ही पाण्याच्या खुणा भिंतीवर बघत होतो अजून. सकाळी बातमी आली, कोयनेला भूकंप. लगेच कुणीतरी म्हणालं, धरण गेलं, कराड वाहून गेलं. आमच्या शेजारणीचं माहेर कराडचं. ती पायरीवर बसून राहिली ती दुपारपर्यंत उठली नाही. दुपारी कळलं, धरण उभं आहे.

मुंबईला माझे मामा गिरणीत होते. कोयनेची वीज बंद पडली आणि गिरणीही बंद. ते म्हणायचे, भूकंप साताऱ्याला झाला आणि अंधार आमच्याकडे.

गवंडी_नव्हे_इंजिनिअर | रविवार, रात्री ९:३०

धरण उभं राहिलं, पण ओरखडा न पडता नाही. माझा हा आवडीचा विषय, थोडं लांबतं.

कोयना धरण १०३ मीटर उंच, रबल काँक्रीटचं, म्हणजे मोठे दगड घालून केलेल्या काँक्रीटचं. स्वतःच्या वजनावर पाण्याला अडवून उभं. त्याच्या मागच्या अंगाला, वरून एक तृतीयांशाच्या आसपास, उतार एकदम बदलतो. वरचा भाग उभट, खालचा पसरट. माणसाची मान असते ना, तशी जागा. भूकंपात धरणाचं डोकं मागेपुढे हललं आणि बरोबर त्या मानेशी आडव्या भेगा गेल्या, पुढच्या आणि मागच्या दोन्ही अंगांना. फुटलं नाही हे आपलं नशीब, आणि बांधणाऱ्यांचं कसबही.

डिझाइन करताना गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के इतका आडवा जोर धरला होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेवढा पुरेसा. धरणातच बसवलेल्या यंत्राने नोंदला तो ६३ टक्के. बारा पटींहून जास्त! ती नोंद आज जगभर धरणाचं गणित शिकवताना वापरतात. परदेशात शिकायला गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यात प्राध्यापकांनी फळ्यावर लिहिलं, कोयना. वर्गात मी एकटाच होतो ज्याला तो उच्चार बरोबर करता येत होता.

नंतर भेगा भरल्या, पोलादी तारांनी ताण दिला, मागून काँक्रीटचे धिरे दिले. सांडव्याच्या भागाला जाड आधार देण्याचं काम २००० नंतर झालं.

शंकासुर | रविवार, रात्री ९:५०

बरं, मान्य. पाण्याने चाप ओढला, बंदूक भरलेली होती. पण मग "धरणाने माणसं मारली" हेही म्हणू नका.

किल्लारी९३ | रविवार, रात्री १०:४०

यावर मला बोलायचंय.

आमचं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. आमच्याकडे ना सह्याद्री ना एवढं मोठं धरण. रिश्टरवर आकडा कोयनेच्याच आसपास. कोयनेला मृतांचा आकडा कुठे १७७ वाचाल, कुठे दोनशेच्या आसपास. आमच्याकडे आठ ते दहा हजार.

एवढा फरक का? थोडा वस्तीचा. कोयना खोऱ्यात वाड्या विरळ, डोंगरउतारावर विखुरलेल्या. आमची गावं दाट. पण मुख्य फरक डोक्यावर काय होतं त्याचा. आमची माळवदं. लाकडावर दोन-दोन फूट माती, दर पावसाळ्याआधी आणखी एक थर. खाली दोन-अडीच फुटी भिंती, दगड गोल, जोडायला चिखल. भिंत सुटली की वरची सगळी माती छातीवर. बरेच लोक दगडाने नाही, मातीने गुदमरून गेले. कोयनेकडे छपरं कौलाची, पावसामुळे उतरती. कौल डोक्यावर पडलं तर खोक पडते, जीव सहसा जात नाही.

म्हणून धरणाने मारलं की डोंगराने, या वादात मला रस नाही. आमच्या घरात पाच जण होते, दोघं राहिलो. भिंत मी स्वतः उकरलीय. ती कशी बांधली होती ते माझ्या हातांना माहीत आहे. मोरणाकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही मिळालं तरी चालेल. दुसऱ्याचं मिळवा.

मोरणाकाठ | रविवार, रात्री ११:१५

काय बोलू. तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला. आजीने ऐकलं आणि एवढंच विचारलं, "त्यास्नी कोन हाय का आता?"

किल्लारी९३ | सोमवार, सकाळी ७:१०

सांगा त्यांना, आहे. बहीण आहे, दोन भाचरं आहेत.

गवंडी_नव्हे_इंजिनिअर | सोमवार, सकाळी ९:००

आता भिंत. जुनी भिंत उतरवताना तिच्या कापाचा फोटो काढा. मी न बघता सांगतो काय दिसेल: बाहेरचा पदर चांगल्या दगडांचा, आतला पदर चांगल्या दगडांचा, आणि मध्ये चिपा, गाळ, माती. दोन पदरांना एकमेकांशी बांधणारं काही नाही. वर्षानुवर्षं मधला गाळ खाली बसतो, पदर बाहेर ढकलतो. हेच ते पोट. धक्का बसला की दोन्ही पदर दोन दिशांना.

तेव्हा नवी बांधताना भिंत दीड फुटाच्या वर जाड करू नका. जाड म्हणजे मजबूत हा गैरसमज आहे, जाड म्हणजे पोटात गाळ भरायला जागा. आरपार दगड घाला, म्हणजे भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत एकच लांब दगड. उभ्यात दर दोन फुटांना एक रांग, रांगेत दर चार फुटांना एक दगड. एवढा लांब दगड मिळत नसेल तर मध्ये सळई घालून काँक्रीटचा ठोकळा ओता, चालतो. कोपऱ्यात लांब दगड आलटून पालटून दोन्ही भिंतींत घुसवा, कारण भिंत आधी कोपऱ्यात उघडते. मातीऐवजी सिमेंट-वाळू. आणि दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून काँक्रीटची सलग पट्टी चारही भिंतींवरून फिरवा, पेटीला पट्टा बांधतो तशी. एकाच भिंतीवर घातली तर उपयोग शून्य. तुम्ही एकच भिंत बदलताय, तर निदान उरलेल्या तीन भिंतींशी सांधा कसा करायचा हे जागेवर इंजिनिअर बोलावून ठरवा. इथे आम्हाला विचारून नको.

गवंडी कुरकुर करेल. आरपार दगड घडवायला वेळ लागतो. त्याला दगडामागे वेगळे पैसे द्या.

फोंड्याचो | सोमवार, सकाळी १०:२५

आमच्या आजोबांनी १९६७ चा धक्का गोव्यात अनुभवला होता. देवघरातली समई पडली, असं सांगायचे. बाकी धागा वाचतोय, छान चाललाय.

कुंभार्ली_घाट | सोमवार, सकाळी ११:४५

अवांतर: परिणामांत एक राहिलं. आमच्या भागात एका घरात दोन-दोन दाखले. जमीन पाण्याखाली गेली म्हणून प्रकल्पग्रस्त, घर पडलं म्हणून भूकंपग्रस्त. काही घरांत तर आधी गाव उठलं, नव्या जागी चूल मांडली आणि तिथे भूकंप. कोयनानगरमधली बहुतेक घरं तेव्हा राहण्याजोगी उरली नव्हती. थंडीत लोक मोकळ्यावर, मग पत्र्याच्या शेडमध्ये. तात्पुरत्या शेडमध्ये किती वर्षं काढली ते आमच्या म्हाताऱ्यांना विचारा. नोकरीच्या अर्जाला दाखला जोडायचा तर कार्यालयांचे हेलपाटे नातवांनी घातलेत. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, अजून एक काम अडकलंय तिथे.

काळा_दगड | सोमवार, दुपारी १:३०

शेवटचं थोडं. काका म्हणाले "लई खालनं", तर ते "खाली" आता प्रत्यक्ष बघायला सुरुवात झाली आहे. कोयनेत भूकंप उथळ आहेत, बहुतेक दहा किलोमीटरच्या आतले. आणि ठिकाण ठरलेलं. म्हणजे भोक पाडून भूकंपाच्या जवळ जाता येईल अशी जगातली ही मोजक्या जागांपैकी एक. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ त्यासाठी प्रयोगशाळा उभारली. गोठणे इथे तीन किलोमीटर खोल चाचणी विहीर २०१७ मध्ये पुरी झाली. सव्वा किलोमीटरभर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस.

१९६७ ची भेग जमिनीवरही उमटली होती. डोणीच्या वाड्याजवळ माळावर तिरक्या तिरक्या चिरा, एकीपुढे एक, रांगेने. त्यावरून आणि नंतरच्या नोंदींवरून कळलं की खडक वर-खाली झाले नाहीत, एकमेकांना घासून आडवे सरकले. पूर्वेकडचा भाग उत्तरेकडे गेला. जात्याच्या दोन दगडांसारखे. आजींनी पहिल्या झटक्यात आवाज ओळखला होता असं म्हणायला हरकत नाही.

शंकासुर | सोमवार, दुपारी २:००

मी माघार घेतो असं नाही, पण वारणेचा मुद्दा मला माहीत नव्हता.

मोरणाकाठ | पुढचा रविवार, सायंकाळी ५:३०

भिंत उतरवली. फोटो टाकतो, पण इंजिनिअरसाहेबांना बघायची गरज नाही. दोन पदर, मध्ये माती, चिपा, उंदरांचं बीळ आणि एक मोडकं खुरपं. आख्ख्या भिंतीत आरपार दगड एकही नाही. अठ्ठावन्न वर्षं आम्ही तिच्या बाजूला झोपलो.

नव्या भिंतीचे आरपार दगड काका स्वतः मोजून घेतायत. दगडाला खडूने नंबर घालतात. गवंड्याने दोन चुकवले तर आख्खा थर काढायला लावला. पाटणहून एक इंजिनिअर येऊन गेले, पट्टी चारही बाजूंनी घालायची ठरलीय, म्हणजे कौलं उतरवावी लागणार. खर्च दुप्पट. काका म्हणाले, घाला.

आता भांडणाचं. काकांनी हा धागा सगळा वाचला आणि ग्लासाच्या प्रतिसादावर खूश झाले. म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो? उतार आधीचाच. मग आजीला पटवायला ओट्यावर प्रयोग मांडला. चुलीवरचं कढत पाणी, स्टीलचा ग्लास, ओली फरशी. आजी चष्मा लावून बघत होती. ग्लास बसला, बसला, आणि सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला.

काका म्हणाले, "बगितलंस? कुनी हात लावला का?"

आजी म्हणाली, "हात न्हाय लावला. पर ऊन पानी कुनी वतलं?"

चहाबिस्किट | पुढचा रविवार, सायंकाळी ५:३४

मग काका काय म्हणाले??

मोरणाकाठ | पुढचा रविवार, सायंकाळी ५:४१

गवंड्याचा चहा घेऊन बाहेर गेले. दगड मोजतायत.